मे महिन्यात कुठल्या समुद्रात उतरायचं?

स्कूबा डायव्हिंगचं कार्ड, म्हणजे शिकल्याचं प्रमाणपत्र, हातात पडलं की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: आता कुठे जायचं? इंटरनेटवर याद्या ढिगाने सापडतात. जगातली सर्वोत्तम दहा ठिकाणं, आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशी पंचवीस ठिकाणं. मी त्या सगळ्या मन लावून वाचल्या. राजा अंपात, पलाऊ, गॅलापॅगोस, सिपादान, मालदीव, तांबडा समुद्र, ग्रेट बॅरियर रीफ ही नावं जवळजवळ प्रत्येक यादीत येतात आणि ती त्या मानाची आहेतही. पण मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला शिकवते. मला सलग सुट्टी मिळते ती मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. कार्ड होतं ओपन वॉटरचं, म्हणजे १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा. मेमध्ये, १८ मीटरच्या आत, नुकत्याच शिकलेल्या माणसाला यातलं कोणतं ठिकाण काय दाखवेल, हे एकाही यादीत लिहिलेलं नव्हतं. ते मी आणि माझ्या धाकट्या नणंदेने महिनाभर वह्या भरून शोधलं. ही पद्धत नव्याने डायव्हिंगकडे वळणाऱ्या मराठी माणसांच्या उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी मालवणबद्दल सांगायला हवं, कारण पाणी निवडायचं म्हणजे काय ते आम्हाला तिथे कळलं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षक पाठीशी धरून खाली नेतात, ती पहिली डुबकी आम्ही दोघींनी तिथेच घेतली. आमच्याआधी आठवड्यापूर्वी जाऊन आलेल्या ओळखीच्या कुटुंबाला हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसलं नव्हतं. आम्हाला मात्र प्रवाळावरचे पिवळेजर्द मासे, खडकाच्या फटीतला गोबरा, सगळं छान दिसलं. होडीवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘पुनवेक येव नकात, अष्टमीच्या भांगाक येवा. पाणी निवळ गावतला.’’

पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाण्याची उंची जास्त चढते, जास्त उतरते, आणि एवढं पाणी ये-जा करताना तळाची माती उचलून घेतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. पाण्याला ओढ कमी, म्हणून गाळ खाली बसलेला. त्यात तारकर्लीला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिचा गाळ वेगळाच. मालवणात चार-पाच मीटर दिसलं तरी लोक खूश का असतात, ते यावरून समजावं. पुढे मालदीवच्या खाड्यांबद्दल वाचलं, इंडोनेशियातल्या कोमोडोच्या प्रवाहांबद्दल वाचलं, तर तिथलेही गाइड आधी चंद्र बघतात. त्यामुळे आमच्या वहीच्या पहिल्या पानावर देशांची नावं आलीच नाहीत. तिथे चार रकाने होते: वारा कोणत्या महिन्यात कुठून, पाण्याची ओढ किती, पाणी किती गार, आणि आमचं कार्ड चालेल का.

ओपन वॉटरचा कोर्स आम्ही अंदमानात, स्वराज द्वीपला केला. नेमो रीफचा उथळ, शांत किनारा शिकायला उत्तम आहे, आणि शिक्षक हिंदीत समजावतात याचा धीर फार मोठा असतो. भारतातच पहिलं कार्ड घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. पण पुढच्या मेमध्ये पुन्हा अंदमान नको, नवं पाणी हवं होतं. शिवाय दोघींच्या आवडी अगदी वेगळ्या. मला बारीक गोष्टी आवडतात, प्रवाळाच्या फांदीवर नखाएवढा प्राणी शोधत मी हवेचा अख्खा टँक संपवीन. नणंदेला मोठं काहीतरी हवं असतं. ‘‘वहिनी, शार्क दिसणार नसेल तर एवढे पैसे घालायचेच कशाला?’’ हा तिचा पहिला प्रश्न. म्हणून मग बुडालेल्या जहाजाचा सांगाडा हा मधला मार्ग निघाला. सांगाड्यावर तिला आकार मिळतो, मला त्या लोखंडावर वाढलेलं सगळं बारीक जग मिळतं.

मग एकेक नाव खोडायला घेतलं. लक्षद्वीप आधी गेलं. तिथे जायला परवाना लागतो ही अडचण नव्हती, पण मे सरता सरता तिथे मोसमी वारे पोचायला लागतात आणि परतीची बोट अडली तर कॉलेजला काय सांगणार? थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. सिपादानला दिवसाचे परवाने मोजके. गॅलापॅगोसची वुल्फ आणि डार्विन ही बेटं फक्त बोटीवर मुक्काम करून पाहता येतात. पाणी गार, ओढ जबरदस्त, अनुभव भरपूर लागतो. तिथले हातोडीच्या डोक्याचे शार्क बघायचं नणंदेचं स्वप्न आहे आणि ते पुढे कधीतरी पुरं होवो, पण कार्डावरची शाई वाळायच्या आत तिथे जाऊ नये.

मालदीववर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. मुंबईहून सरळ विमान, भारतीयांना विमानतळावरच मोफत व्हिसा, आणि आता स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं झाल्यामुळे खर्चही आवाक्यात. तिथलं गणित मला फार देखणं वाटलं. मालदीव म्हणजे प्रवाळबेटांच्या गोल कड्यांची (अटॉल) उत्तर-दक्षिण माळ. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा येतो तेव्हा महासागराचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या खाड्यांतून आत शिरतं आणि सूक्ष्म जीवांनी दाटलेलं पाणी पश्चिमेकडून बाहेर पडतं. हे सूक्ष्म जीव म्हणजे मांटा पाकटांचं अन्न, म्हणून मांटा त्या दिवसांत पश्चिमेला. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की वारा नैर्ऋत्येचा होतो आणि सगळं उलटं: मांटा पूर्वेला. बा अटॉलमधला हनिफारू बे याच काळात मांटांनी भरतो, आणि तोही पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला जास्त. मजा म्हणजे हनिफारूत टँक घेऊन उतरायला बंदी आहे, तिथे फक्त वरून, स्नॉर्कल लावून पाहायचं. तेव्हा ‘मालदीवला जाऊ’ एवढं ठरवून काहीच ठरत नाही. कुठला महिना आणि कड्याची कुठली बाजू, ते ठरवावं लागतं. मे हा तिथे वारा बदलण्याचा महिना. शिवाय शार्क जमतात ते खाड्यांच्या तोंडाशी, जिथे ओढ सर्वांत जास्त. आमची तेवढी तयारी नव्हती. मालदीव पुढच्या पानावर ढकललं.

उरलं बाली. बालीचं नाव काढलं की लोकांना भाताच्या पायऱ्या आणि देवळं आठवतात, पण ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं छोटं गाव आहे, तिथे ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर पाण्यात पडलेलं आहे. जानेवारी १९४२मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. ओढून नेताना पाणी फार भरलं म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणून टेकवलं. वीस-एक वर्षं ते तसंच वाळूवर होतं. १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, जमीन हादरली आणि जहाज घसरून समुद्रात गेलं. आज त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरवर आहे, खालचा तीसच्या आसपास. एकाच सांगाड्यावर पहिल्या दिवशी १२ मीटरवर फिरायचं आणि अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स, म्हणजे जास्त खोल उतरायची मुभा देणारा पुढचा टप्पा, करत करत शेवटी खोल भागात जायचं, अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते. मेमध्ये बालीत पाऊस संपलेला असतो, त्या बाजूला समुद्र शांत असतो, पाणी कोमट. तिथे बोटीची गरजच नाही, म्हणून मला बोट लागण्याची भीतीही नाही. व्हिसा विमानतळावर. वहीतले चारही रकाने भरले. विमान सिंगापूरमार्गे घेतलं.

डायव्हिंग केंद्र निवडताना आम्ही प्रत्येकाला तेच प्रश्न लिहून पाठवले. एका गाइडमागे किती जण? बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजन असतो का? सर्वांत जवळचा डीकम्प्रेशन कक्ष, म्हणजे घाईने वर आल्याने त्रास झालेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची खोली, कुठे? पहिली डाइव्ह सोप्या जागी करून आमची तयारी बघणार का? दक्षिण बालीतल्या एका केंद्राने यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर न देता थेट नुसा पेनिदाची सहल पाठवली, मोला मोला या थाळीसारख्या प्रचंड माशाच्या फोटोसकट. आम्ही किती वेळा पाण्यात उतरलोय हेही विचारलं नाही. नुसा पेनिदा फार सुंदर आहे, पण प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे ज्या मोजक्या वाटांनी वाहतं त्यातली लोंबोकची सामुद्रधुनी ही एक. तिथे माणसाला खाली ओढणारे प्रवाह येतात आणि गार पाणी अचानक वर येतं. पारा २० अंशांच्या खालीही जातो. मोलासुद्धा दिसतो तो साधारण जुलै ते ऑक्टोबर. मेमध्ये त्याचा फोटो दाखवून नवख्यांना तिथे बोलावण्याचा मला राग आला, आणि अजूनही येतो. तुलांबेनच्या एका छोट्या केंद्राने मात्र प्रत्येक ओळीला उत्तर दिलं, कक्ष देनपसारच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहे आणि गाडीने तिथे पोचायला किती वेळ लागेल हेही लिहिलं. पैसे थोडे जास्त होते. आम्ही तेच घेतलं. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा धरलेलं नसतं, म्हणून त्याचा वेगळा विमाही काढला.

तुलांबेनचा किनारा काळा आहे. वाळू नाहीच म्हणा, ज्वालामुखीचे गुळगुळीत गोटे. पायात जाड तळव्याचे बूट नसतील तर पाण्यापर्यंत पोचणंच कठीण. त्या गोट्यांवरून गावच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून भरलेला टँक घेऊन जातात. एक टँक डोक्यावर, कधी दुसरा खांद्यावर, पायात साध्या चपला, आणि चाल अशी की टँक हलतसुद्धा नाही. रिकामा टँकदेखील दहा-बारा किलोच्या खाली नसतो. हे काम गावातल्या बायकांच्या संघटनेकडे आहे आणि त्याचे पैसे डाइव्हच्या दरात धरलेले असतात. आमचा टँक वाहणाऱ्या मावशी माझ्या आईच्या वयाच्या होत्या. रोज संध्याकाळी नणंद त्यांच्याशी खुणांनी बोलायची, मान आणि कंबर दुखते का विचारायची. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला राहवेना. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला आपल्या घरी नेऊन कॉफी पाजली.

सांगाडा पहाटे बघावा. नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडून गाड्या भरभरून लोक येतात आणि मग पाण्यात नुसते बुडबुडे. पहाटे उतरलं की जहाजात झोपलेले डोक्यावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे बाहेर पडताना दिसतात, नीट ओळीने, एकामागून एक. लोखंड आता कुठे दिसतच नाही. बरगड्यांवर मऊ प्रवाळ, स्पंज, माणसाहून रुंद समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ). एका पंख्याजवळ गाइडने बोट दाखवलं तिथे मला बराच वेळ काहीच दिसेना. मग पंख्याच्या गाठींपैकी एक गाठ किंचित वळली. तो बुटका सीहॉर्स होता, भाताच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा, पंख्याच्याच गुलाबी रंगाचा, अंगावर पंख्यासारख्याच फुगवट्या. शेपटीने एक काडी धरून बसलेला. श्वास सोडताना माझे बुडबुडे त्याच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून मी तोंड बाजूला केलं. एवढ्या वेळात नणंद जहाजाच्या टोकाच्या तोफेपाशी पोचली होती आणि मागे वळून हात हलवत होती.

परतीचं गणितही जागा निवडतानाच करावं लागतं. अनेक डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, कारण अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, डोंगराचं नसतं. तुलांबेनहून परतताना गाडीवाले किंतामणीला नेतो म्हणतात, ते सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. सकाळी डाइव्ह आणि दुपारी किंतामणी, हे करू नये. आपल्याकडेही कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला खोल डाइव्ह करून लगेच घाट चढून घरी निघणाऱ्यांनी हा विचार करावा. आम्ही शेवटचा दिवस कोरडा ठेवला आणि तिर्तागंगाच्या तळ्यांकाठी बसून काढला.

दिवाळीसाठी इजिप्त ठरवायला मग वेळ लागला नाही. मेमधल्या उन्हापायी ते आम्ही मुद्दाम मागे ठेवलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा सुखाची आणि पाणी अजून उबदार असतं. तांबड्या समुद्राचं पाणी एवढं निवळ का, हे मालवणनंतर लगेच समजतं: त्याला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही आणि पाऊस जवळपास नाही, म्हणजे गाळ आणणारं कुणी नाही. त्याच कारणाने खारटपणा जास्त, म्हणून अंग जास्त तरंगतं आणि कमरेला वजनं वाढवावी लागतात. अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड झाल्यामुळे ‘थिसलगॉर्म’ बघता आलं. ६ ऑक्टोबर १९४१ला जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. पोटात अजून मोटरसायकली, ट्रक, बुटांचे ढीग. तिथे गर्दी आणि ओढ दोन्ही होतं, पण ज्या माणसांचा जीव तिथे गेला त्यांच्या सामानामधून फिरताना मला तुलांबेनसारखा निखळ आनंद झाला नाही, दडपण आलं. तरी पाहायला हवं असं म्हणेन. रास मोहम्मदची प्रवाळाची भिंत मात्र पुन्हा पुन्हा बघायला आवडेल.

एक रकाना वहीत नंतर वाढला. १९९८ आणि २०१६मध्ये मालदीवचं, २०१० आणि २०१६मध्ये अंदमानचं प्रवाळ पाणी तापल्याने मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं. एप्रिल २०२४मध्ये जगभरातलं चौथं असं संकट जाहीर झालं. आता आम्ही त्या भागात अलीकडे पाणी किती तापलं होतं ते बघतो, आणि केंद्र नांगर टाकतं की कायमच्या बोयाला बोट बांधतं ते विचारतो. नांगर टाकणाऱ्यांकडे जात नाही. माशांना खाऊ घालून जवळ बोलावणाऱ्या डाइव्हही नको म्हणून ठरलं आहे; नणंदेला शार्क एवढे आवडत असूनही हे तिचंच म्हणणं आहे.

गणपतीत आमच्या घरातून कुणी हलत नाही, त्यामुळे हनिफारूचे मांटा आणि नुसा पेनिदाचा मोला नोकरी संपेपर्यंत माझ्यासाठी थांबलेलेच राहणार. नणंद हिवाळ्यात रजा काढून मालदीवच्या पूर्वेकडच्या खाड्या बघून आली, शार्क पोटभर बघितले. येत्या मेसाठी राजा अंपात की कोमोडो हा वाद होता. राजा अंपातचा चांगला काळ साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, कोमोडोचा एप्रिलपासून पुढे, म्हणून कोमोडो. उत्तरेला कोमट पाणी, दक्षिणेला गार, आणि मधल्या अरुंद वाटांतून धावणारे प्रवाह. दोघींनाही ५ मिलीमीटरचे सूट घ्यावे लागतील. तारखा अष्टमीला धरून काढल्या आहेत, पण तिकिटं अजून काढलेली नाहीत. कोमोडोजवळच्या लाबुआन बाजोच्या दोन केंद्रांना प्रश्न पाठवलेत, त्यातल्या एकाचं उत्तर आलं आहे. दुसऱ्याला नणंदेने आज पुन्हा लिहिलं: कॅसल रॉक या जागी ओढ जास्त असली तर त्या दिवशी तुम्ही आम्हाला दुसरीकडे नेता का, आणि ते ठरवतं कोण?